भिंतीपलीकडचा खर्ज

प्रिय पळपुट्या,

नाव वाचून लगेच नाकपुड्या फुगवू नकोस. तू आम्हाला सोडून दुसऱ्या शहरात गेलास म्हणून मी तुला पळपुट्या म्हणत नाही. शाळेत असताना मावशीच्या स्वयंपाकघरात पालथ्या पातेल्यांवर ठेका धरायचास आणि प्रत्येक गाणं गाणाऱ्याच्या आधी संपवून मोकळा व्हायचास, तेव्हापासून तू पळपुट्याच आहेस. मोठी मावसबहीण म्हणून तो हक्क मी राखून ठेवलाय. आणि पत्र हातानं लिहितेय, कारण फोनवर ‘हो, बरं, ठेवतो’ एवढ्यात तू माणसाला दाराबाहेर काढतोस. कागदाला तसं बाहेर काढता येत नाही. तो टेबलावर पडून राहतो आणि तुझ्याकडे बघत बसतो.

बातमी अशी, की आपल्या ताईनं एक नवं वाद्य घेतलं, आणि ते घरात कुठेही नाही. त्याला पेटी नाही, वजन नाही, धूळ पुसायला फडकं लागत नाही. ते लॅपटॉपच्या पोटात राहतं. त्याला सॉफ्टवेअर सिंथ म्हणतात. ताईचा जुना कीबोर्ड वायरीनं लॅपटॉपला जोडायचा, पट्टी दाबायची, आणि आवाज निघतो तो त्या पोटातल्या गणितातून. पडद्यावर बटणांची चित्रं असतात, ती माउसनं फिरवायची. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण मला आत्ताच कळलंय, तेव्हा थोडं सहन कर. त्यातून, या पत्रात मला एका माणसाचं कौतुक करायचंय. साप्ताहिकात दर आठवड्याला लोकांची सालं काढून पोट भरणाऱ्या बाईला कौतुकाची सवय नसते. हात अडखळतोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

भावोजींचं तुला कळलंच आहे. तू फळांची टोपली पाठवलीस, फोनही केलास. तो ताईनं उचलला आणि तुम्ही दोघं म्हणे गारठा वाढल्याविषयी बोललात. तुम्हा दोघांना बोलायला दुसरं काही नसावं याचं मला इतकं वाईट वाटलं, की मी तिला हवामान खात्यात नोकरी बघायला सांगितलं. तिनं तुला जे सांगितलं नाही ते मी सांगते. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं ओढत चालतो, हात मात्र मांडीवर ठेवला तर ठेवल्या जागी राहतो. बोलणंही गेलं. समजतं सगळं, हसतातही योग्य जागी, पण शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो. एकच शब्द शिल्लक राहिला आहे. तो कोणता ते आत्ता सांगत नाही, कारण सांगितला तर तू पत्र इथंच फाडशील.

उजवा हात गेला म्हणजे बास गिटार गेली. ती कपाटामागे उभी केली आहे, आपण रागावून कोपऱ्यात उभं केलेल्या मुलासारखी. आपला चौघांचा ताफा तुझ्या जाण्यानं तिघांवर आला होता, तो आता दोघींवर आला. ताईचा कीबोर्ड आणि माझा गळा. दोघींना मिळून कुणी निरोपसमारंभालाही बोलावणार नाही. माणूस निवृत्त व्हायच्या आधीच निघून जाईल.

तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी भावोजींना भेटायला आले. तुला आठवतातच ते, जिन्यावरून वर येतानासुद्धा कसलं तरी उद्घाटन करत येतात. चहाचा कप हातात, भावोजी समोर खुर्चीत, आणि हे गृहस्थ ताईला सांगतायत की क्लबच्या वार्षिक संध्याकाळी तुम्हीच वाजवायचं, बासची चिंता सोडा, आता सगळं कॉम्प्युटर वाजवतो, कुणाला कळणार आहे? समोर बसलेल्या माणसानं अर्धं आयुष्य जे वाजवलं त्याच्याविषयी हे वाक्य. माझ्या जिभेवर एक अख्खा स्तंभ तयार होता. पण ताईनं माझ्या पायावर पाय दिला आणि एवढंच म्हणाली, “बघते.” तिचं ‘बघते’ तुला माहीत आहे. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं लोकांचे डोळे तपासून तिनं तो शब्द फार जपून वापरायला शिकून घेतलाय.

दुसऱ्या दिवशीपासून ती लॅपटॉप उघडून बसली आणि बासचे आवाज शोधायला लागली. खरं सांगते, नवरा पलीकडच्या खोलीत पडलाय आणि ही त्याच्या जागी कुणाला बसवायचं ते बघतेय, असंच मला वाटलं. डॉक्टर म्हणाले होते, हात पूर्ववत होणार नाही, पण माणूस कशात तरी गुंतला पाहिजे, नाहीतर नुसता पडून राहून विझत जाईल. आणि भावोजी पडून राहायला लागलेच होते. बिल्डिंगची लिफ्ट मजल्यापासून बोटभर वर थांबली तरी झोपेतून उठून टूलबॉक्स उचलणारा माणूस, तो आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून असायचा. क्लबात वाजवायचं की नाही हा प्रश्न मला तसा बारकाच वाटत होता. भावोजी त्या पलंगावरून उठणार की नाही, हा खरा होता. आणि ताई काय करत होती? खरेदी.

या खरेदीविषयी मात्र तुला सांगायलाच हवं. मी तिच्या शेजारी बसून बघायचे, अर्थात टोमणे मारायला. जगात एवढे सिंथ आहेत याची मला कल्पना नव्हती. एकाच्या पडद्यावर डोंगररांगा हलतात. एकाला लाकडी कडा आहेत, त्यावर स्क्रू आहेत, आणि स्क्रूंवर ओरखडेही रंगवले आहेत. नसलेलं यंत्र जुनं झाल्याचा पुरावा. प्रत्येकात हजारो तयार आवाज भरलेले, त्यांना प्रीसेट म्हणतात, आणि त्यांची नावं अशी, की एखाद्या वादळी कवीला निवृत्तीनंतर नोकरी दिली असावी. शिवाय इंटरनेटवरची जाणकार मंडळी. एकानं साधा प्रश्न विचारला, की लीड आणि बाससाठी कोणता घेऊ? लीड म्हणजे गाण्यात पुढे येऊन बोलतो तो आवाज, आणि बास म्हणजे खाली राहून सगळ्यांना उचलून धरतो तो. यावर शंभर पुरुष एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले. एक म्हणतो याचा आवाज जाड आहे, दुसरा म्हणतो त्याचा उबदार, तिसरा म्हणतो मलईदार. मी ताईला विचारलं, हा ऐकायचाय की ओढून घ्यायचाय की खायचाय? ती हसली नाही. ती बहुतेक कामाच्या वेळी हसत नाही. बहुतेक सिंथ काही दिवस फुकट वापरून बघता येतात. तिनं एकेक उतरवून घेतला आणि मागच्या खोलीत, आपल्या सरावाच्या खोलीत, वाजवून बघायला सुरुवात केली.

मागच्या खोलीची आणि भावोजींच्या खोलीची भिंत एकच, हे तुला आठवत असेल. त्यांचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे. भिंत हा फार निवडक श्रोता असतो. बोलणं अडवते, वरचे सूर अडवते, माझं गाणं तर तत्परतेनं अडवते. पण खर्ज तिला अडवता येत नाही. तो विटांमधून जातो, पलंगाच्या लाकडात शिरतो आणि झोपलेल्या माणसाच्या बरगड्यांपर्यंत पोचतो. ताईनं बासचा पहिला आवाज लावला, एक सूर धरला, आणि पलीकडून भिंतीवर काठी आपटली. ठक्.

ताईनं हात काढून घेतला. थोड्या वेळानं दुसरा सिंथ, दुसरा सूर. पुन्हा ठक्. तिसऱ्याला तर ठक्ठक्. तिचा चेहरा मला बघवेना. आम्हा दोघींनाही एकच गोष्ट कळली, की त्यांना हे सहन होत नाहीये. आपल्या जागी कुणाची भरती चाललीय हे ज्याला भिंतीतून ऐकू येतंय त्यानं दुसरं काय करायचं? मग मी बाजारातून ताईसाठी हेडफोन आणले, कान झाकणारे, उत्तमातले. त्या दिवसापासून मागची खोली शांत झाली. ताई कानांवर त्या वाट्या लावून बसायची, बोटं पट्ट्यांवर, आणि घरात फक्त पट्ट्यांची टकटक. मला वाटलं, आपण फार समजूतदार माणसं आहोत.

आणि भावोजी बिघडत गेले. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, आधी डाव्या हातानं तरी चेंडू दाबायचे, उजवी बोटं हलवायचा प्रयत्न करायचे, आता चेंडू हातात दिला की सोडून देतात. जेवण अर्धं परत यायचं. माझ्या विनोदांवर हसणं बंद झालं. एरवी माझ्या विनोदांवर कुणी हसलं नाही तर मी त्याची अक्कल काढते, पण या वेळी घाबरले. ताई दुकानात जायची, आल्यावर त्यांना धुवून-पुसून, खाऊ घालून, मग हेडफोन लावून बसायची. मला तिचा राग यायला लागला होता हे लपवत नाही. बाई, पुरे कर ती खरेदी, त्यांच्याजवळ बस जरा, असं मी एकदा म्हणणार होते. नशीब, त्या दिवशी तोंडात बडीशेप होती.

मग एका दुपारी ताईच्या खुर्चीच्या पायाखाली हेडफोनची वायर अडकली. ती पुढे सरकली आणि वायर उपटून निघाली. बासचा सूर स्पीकरमधून घरभर घुमला आणि त्याच क्षणी पलीकडून ठक्. ताई गडबडीनं बंद करायला गेली. आणि थांबली. मी दारात उभी होते, हातात वाळलेले कपडे. तिचं बोट पट्टीवर तसंच होतं, सूर चालूच होता. पलीकडून पुन्हा ठक्, या वेळी जरा चिडकी. तिनं बोट उचललं. पण त्या जाड, उबदार, मलईदार आवाजाला शेपूट होतं. बोट उचललं तरी तो पाहुण्यासारखा दारात रेंगाळत राहिला. आणि त्या शेपटावर तिसरी ठक्.

ताईनं पुन्हा पट्टी दाबली. ठक् झाली त्या क्षणी सोडली. मग पुन्हा दाबली, आणि या वेळी ठक् व्हायची वाट न बघता, ती जिथं झाली असती तिथं स्वतःच सोडली. पलीकडे शांतता. तिनं माझ्याकडे बघितलं. अरे, तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी इतकी वर्षं शब्द विकून खातेय तरी माझ्याकडे शब्द नाही. भावोजी आवाज बंद करा म्हणत नव्हते. सूर कुठे थांबायला हवा ते दाखवत होते. दुसऱ्या खोलीत पडल्यापडल्या, काठीनं, ते आमच्याबरोबर वाजवत होते, आणि आम्ही समजूतदारपणे त्यांच्या हातून तेवढंही काढून घेतलं होतं.

आठवतंय, सरावाला ते काय म्हणायचे? लिफ्ट सुरू कोणीही करतं, ती फरशीला फरशी लावून थांबवता आली पाहिजे. आपण त्यांची टर उडवायचो, की भावोजी गाण्यातसुद्धा मजले मोजतात.

त्यानंतर ताईनं जे केलं ते फक्त तीच करू शकते. दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडली, खुर्ची भिंतीला लावली, दोन सिंथ उघडले, आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना जो आवाज लावते, तोच लावून भिंतीला विचारलं, “पहिलं बरं की दुसरं?” पहिला बास वाजवला, मग दुसरा. पलीकडे जरा विचार झाला. मग दोन ठोके. दुसरं. पुन्हा दोन सिंथ, पुन्हा तोच प्रश्न. दुपार उलटली, चहा गार झाला, मी कपडे हातात धरून उभीच. मध्येच ताईनं एक खोडी केली. डोळे तपासताना ती तेच भिंग दोनदा लावते, गिऱ्हाईक उगाच हो ला हो करतंय का ते बघायला. तसा तिनं एकच बास दोनदा वाजवला. एक ठोका नाही, दोन नाहीत. काठीनं भिंतीवर असा काही धडाधडा मारा झाला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली डोकावून गेलं. शिव्याच होत्या त्या, अगदी स्वच्छ उच्चारातल्या. ताई पट्ट्यांवर डोकं टेकून हसत होती. तिचं हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं, आणि पलीकडून त्यांचंही आलं.

डोंगररांगावाला त्याच संध्याकाळी बाद झाला. ओरखड्यांचे स्क्रू बाद झाले. कवीनं नावं दिलेले सगळे बाद. ज्यांच्यासाठी इंटरनेटवरचे पुरुष एकमेकांचे गळे धरत होते त्यांतला एकही भिंत पार करू शकला नाही. कारण त्यातल्या कुणालाच वेळेवर थांबता येत नव्हतं. प्रत्येक सिंथमध्ये एक बटण असतं, बोट उचलल्यावर आवाजानं किती रेंगाळायचं ते ठरवणारं. बहुतेकांत ते एवढं ढोबळ, की किंचित फिरवलं तर आवाज कापल्यासारखा तुटतो नाहीतर लोळत बसतो. शेवटी उरला तो एक अगदी साधा सिंथ. पडदा एकच, रंग सरकारी अर्जासारखा करडा, प्रीसेट जेमतेम. पण त्यातलं ते शेवटाचं बटण केसाइतकं केसाइतकं फिरायचं. ताईनं ते फिरवत फिरवत अशा जागी आणलं, की पट्टी सोडल्यावर बास थांबला, आणि थांबल्यावर एक पुसटसा श्वास टाकला. भावोजींच्या गिटारीचा सूर थांबायचा तसाच. पलीकडून काठी वाजलीच नाही. आम्ही वाट बघितली. मग पाय ओढत चालल्याचा आवाज आला. ते दारात येऊन उभे होते. स्वतःहून, कुणी न धरता.

आता लीडचं ऐक, कारण ते मला नंतर कळलं आणि कळल्यावर रात्री झोप लागली नाही. लीड ताईचा स्वतःचा. इतकी वर्षं ती त्याच एका कीबोर्डच्या सर्दी झालेल्या आवाजावर वाजवतेय. आता तिला काय हवं ते घेता आलं असतं, कान फाटेपर्यंत मोठं, चकचकीत. एकटंच वाजवून बघताना तिला एक आवाज फार आवडला होता, मी बघितलंय, डोळे मिटले होते तिनं. पण घेतला तो भलताच. बारीक, किंचित नाकातला. मला म्हणाली, याला जागा कमी लागते. मी म्हटलं, भाड्याच्या घरात राहून तुझी नजरच तशी झालीय. मग सरावाला गायला उभी राहिले आणि कळलं. माझा गळा उतरलाय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वरच्या सुरांना हल्ली मी लांबूनच नमस्कार करते. तो दुसरा मोठा आवाज माझ्यासमोर उभा राहिला असता, आणि मी त्याच्यामागून टाचा उंचावत राहिले असते. हा बारीक आवाज माझ्या कडेकडेनं चालतो. जिथं माझा दम संपतो तिथं हळूच हात देतो आणि लोकांना वाटतं गाणंच तसं आहे. तिनं याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. तुला सांगतेय, कारण मला कुणाला तरी सांगायचं होतं, की आपल्या बहिणीनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी आवाज निवडला आणि तो माझ्या मापाचा घेतला.

पण तिचं डोकं खरं कुठे चाललं होतं ते मला शेवटी दिसलं. एकच कीबोर्ड तिनं सॉफ्टवेअरमधून दोन भागांत वाटला. उजवीकडे लीड, डावीकडे बास. सिंथ हलका, त्यामुळे दोन्हीकडे तोच घेतला तरी आपला म्हातारा लॅपटॉप कुरकुरत नाही, हेही तिनं आधीच बघून ठेवलेलं. मग आरशासमोरचं लांब स्टूल आणून कीबोर्डपुढे ठेवलं, उजव्या बाजूला स्वतः बसली आणि डाव्या बाजूला भावोजींना बसवलं. ते उजव्या हाताकडे बघत राहिले. मीही तेच बघत होते, आणि मनात म्हणत होते, ताई, हे नको. यानं त्यांना काय वाटेल. तेव्हा तिनं त्यांचा डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला आणि म्हणाली, “गिटारीवर सूर छेडायचा उजवा, पण थांबवायचा हाच ना? सुरुवात यंत्र करेल. थांबवायचं तेवढं तुम्ही बघा.”

मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर उभी राहून गायले आणि हे कधी बघितलं नव्हतं. बास गिटारीत डावा हात तारा दाबतो. तो सैल पडला की सूर संपतो. भावोजींची सगळी करामत त्या हातात होती, आणि त्या हाताला आजार शिवलेलासुद्धा नाही. सेक्रेटरींसमोर ती ‘बघते’ म्हणाली तेव्हाच तिनं हे बघितलं होतं. मी मात्र शेजारी बसून तिला खरेदीवरून टोमणे मारत होते. पहिल्या दिवशी त्यांनी एकच सूर वाजवला. वाजवला, थांबवला. वाजवला, थांबवला. कितीतरी वेळ. ताई शेजारी मान खाली घालून बसली होती आणि मी कपड्यांच्या घड्या घालत होते, घातलेल्याच पुन्हा. आता ते रोज बसतात. चेंडूवाली मुलगी आल्यावर आधी तिला वाजवून दाखवतात, मग व्यायाम. जेवण पूर्ण जातं. दोघं एका स्टुलावर, दंडाला दंड लावून, एका पेटीचे दोन मालक. कोपर लागलं की भांडतात, म्हणजे ताई भांडते आणि ते त्यांचा तो एक शब्द ऐकवतात.

आणि आता त्या शब्दाकडे येते. सिंथबरोबर एक ड्रम वाजवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. ताईनं परवा ते लावलं. काय सांगू तुला, घड्याळासारखं चोख. भावोजींनी थोडा वेळ त्याच्याबरोबर वाजवलं, मग डावा हात लांब करून लॅपटॉपवरचं थांबवायचं बटण दाबलं. ताईला वाटलं लय चुकली असेल; तिनं संथ केली. त्यांनी बंद केलं. जलद केली. बंद. त्यात एक बटण आहे, माणसासारखं थोडं थोडं चुकायचं. माझं नुसतं हसून पोट दुखलं, की अशी चूक करायलाही यंत्र लागावं. ताईनं तेही लावलं. या वेळी ते जरा वेळ ऐकत राहिले, मान तिरकी करून, एखाद्याच्या पावलांची चाहूल घ्यावी तसे. मग तेही बंद केलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि काठी उचलून खिडकीपाशी गेले. तिथं तुझं गोल स्टूल आहे. त्या संध्याकाळी ड्रम घेऊन गेलास, स्टूल रागाच्या भरात विसरलास. ताई त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. भावोजींनी काठीनं ती सगळी चळत खाली ढकलली, स्टूल मोकळं केलं, आणि त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाले, “हळू.”

हाच तो शब्द. क्लबच्या त्या संध्याकाळी त्यांनी तुला म्हटला, माझ्या माईकनं तो हॉलभर नेला, हॉल हसला, आणि तू गाण्याच्या मधोमध काठ्या ठेवून निघून गेलास, तोच. आता चहा गरम असला तरी हळू, डॉक्टर आले तरी हळू, ताई रडली तरी तिच्या डोक्यावर हात ठेवून हळू. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक सरावाला त्यांनी तो तुला इतक्यांदा म्हटला, की बाकी सगळं पुसलं गेलं तरी तेवढा राहिला. आणि मला आत्ता कळतंय त्यांना काय हवंय. ते यंत्र पळत नाही, रे. त्यांनी सूर वेळेवर थांबवायचा तो कुणाला आवरायला? क्लबची संध्याकाळ पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे, आणि ताईनं सेक्रेटरींना अजून हो म्हटलेलं नाही. ती तुला विचारणार नाही, ती गारठ्यावर बोलेल. त्यांना विचारता येत नाही. म्हणून मी विचारते. इस्त्रीचे कपडे माझ्या पलंगावर आले आहेत, स्टूल रिकामं आहे. ये. आणि येण्याआधी सराव करून शहाणा होऊन येऊ नकोस; जसा पळायचास तसाच पळ.

तुझीच,
माईक उघडाच ठेवून वाट बघणारी मावसबहीण